कासारमावशीची सुनंदा

माझा हात लाकडाचा आहे हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. ते मला कासारमावशीनं सांगितलं, तेही ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत. नव्वद साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलवर मी मराठी शिकवायला रुजू झाले होते आणि राहायला तिच्या घराची पुढची खोली घेतली होती. ट्रंक आत ठेवली न ठेवली तोच तिनं माझं मनगट धरलं, चार बोटं एकत्र दाबली, अंगठा आत मुडपून बघितला आणि म्हणाली, "बाई, ह्यो हात हाय का फळी? सैल सोडा की."

मी सोडला. म्हणजे मला वाटलं की सोडला. तिनं मान हलवली आणि तरीही एकसुद्धा बांगडी वाढू न देता माझे दोन्ही हात भरले. बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं.

तिचं नाव द्वारका, पण ते तिचं तिलाही आठवावं लागे. गावाला ती कासारमावशी. घरोघर जाऊन बांगड्या भरणारी ती एकटीच. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला आणि त्याच्या खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा हिच्या खांद्यावर आल्या. विधवेच्या हातून चुडा भरून घ्यावा का, हा प्रश्न सुरुवातीला गावाला फार छळत होता म्हणे. पण दर सणाला बांगड्यांसाठी इचलकरंजी गाठायची म्हणजे एसटीचं भाडं आलं आणि कामाचा दिवस मोडला. हळूहळू शास्त्र जाणणाऱ्या म्हाताऱ्याच आधी हात पुढं करू लागल्या. हे ती स्वतःच हसत सांगायची.

माणसाचा चेहरा बघायच्या आधी हात बघायची तिची सवय. बाजारात कुणी हाक मारली तर तिची नजर आधी मनगटावर जायची आणि मग ती ओळख द्यायची. माप विचारायची तिला गरज पडत नसे. पण मनगटावर मापापेक्षा जास्त काही दिसतं. गावाच्या वेशीजवळ देशी दारूचं दुकान होतं, परवान्याचं, रंगवलेली पाटी लावलेलं. तिथून कुठल्या घरी कोण कसा परतला हे मावशीला सकाळी त्या घरच्या बाईचा हात हातात घेतला की कळायचं. ती काही विचारत नसे. सुजलेल्या हाताला एक माप मोठी बांगडी काढायची आणि म्हणायची, "ही जरा ढिली बसंल, पर टोचायची न्हाय." समोरची बाई खाली बघायची आणि भरून झालं की तिच्या पाया पडायची. बांगड्या भरल्यावर कासारणीच्या पाया पडायची आमच्याकडं रीत आहे. पाटलाची सून असो नाहीतर भांगलायला जाणारी मजूर, त्या घटकेला सगळ्या तिच्यापुढं वाकत. मीही वाकायचे. "वाढू नगंत," असा ती आशीर्वाद द्यायची. म्हणजे बांगड्या.

तिला एकच मुलगी, सुनंदा. ती गावातच दिलेली, दोन गल्ल्या पलीकडं. लग्न झालेली बाई असून तिचा हात शाळेतल्या पोरीसारखा होता. त्या मापाच्या बांगड्या गावात दुसऱ्या कुणाला यायच्या नाहीत. मावशी माल आणायला कोल्हापूरला गेली की त्या मापाची एक वेगळी माळ आणायची आणि खुंटीवर टांगून ठेवायची. ती विकायची नसे.

जावई सूतगिरणीत होता. पगार झाला की आधी वेशीजवळच्या दुकानात जायचा, उरलंसुरलं घेऊन घरी यायचा. सुनंदा माहेरी आली की मी एक गोष्ट पाहत होते. साऱ्या गावाचे हात हातात घेणारी मावशी लेकीचा हात तेवढा धरायची नाही. खुंटीवरची माळ काढून तिच्यापुढं ठेवायची आणि चुलीकडं वळून म्हणायची, "तुझी तूच भर." हात धरला असता तर जे कळलं असतं, ते तिला कळून घ्यायचं नव्हतं. आई होती ती. मला तेव्हा तिचा राग यायचा, आता येत नाही.

एका दिवाळीच्या आधी सुनंदा विहिरीत सापडली. पाय घसरून पडली असं कागदावर आलं. तिला वर काढलं तेव्हा शाळा सोडून मीही धावले होते. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या जिथल्या तिथं होत्या आणि उजव्या हातात एकही नव्हती. मावशीनं ते पाहिलं आणि आलेल्या हवालदाराला ती परत परत सांगत राहिली की पाय घसरलेलं माणूस दोन्ही हातांनी धडपडतं, एकाच हातातल्या जातात त्या कुणाला तरी अडवताना. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही. बाराव्यानंतर जावयानं घराला कुलूप घातलं आणि तो गाव सोडून गेला.

नवरा असताना गेलेल्या बाईला हिरवा चुडा भरून नेतात. सुनंदाला नेलं त्या दिवशीही गावात भरणारी एकच होती. बायका म्हणाल्या, आईनं नको, आम्ही कसंतरी चढवतो. मावशी म्हणाली, "तुमास्नी जमायचं न्हाय. तिचं माप बारीक हाय." खुंटीवरची माळ काढून ती लेकीशेजारी बसली. पाण्यात राहून ताठलेला हात तो. ती चार बोटं एकत्र दाबत होती, अंगठा मुडपत होती आणि सवयीनं तोंडातून तेच येत होतं, "सैल सोड, बाळ. हात सैल सोड." बायका तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मला जाता आलं नाही. एकसुद्धा बांगडी वाढू न देता तिनं लेकीचे दोन्ही हात भरले.

त्यानंतर सुनंदा गेली, वारली, असा एकही शब्द मी मावशीच्या तोंडून ऐकला नाही. ती तिच्याबद्दल बोलायचीच नाही असंही नव्हतं. सुनंदाला भरली वांगी आवडत्यात, सुनंदाला उन्हाळा सोसत न्हाय, असं सगळं आत्ताचं असल्यासारखं बोलायची.

पुढं मतदारयादी दुरुस्त करायला आमच्या शाळेतलेच एक सर घरोघर फिरत होते. सुनंदाच्या सासरी कुलूप, म्हणून ते मावशीच्या दारात आले. त्यांना सगळं ठाऊक होतं. सुनंदाचं नाव, एवढंच म्हणून ते थांबले.

"हाय की," मावशी म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

सर थोडा वेळ चष्मा पुसत उभे राहिले आणि पुढच्या घरी गेले. नाव राहिलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. ज्या घरच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या त्या घरीही ती हात भरता भरता आयांना सांगू लागली की नाव काढू नका. पोरगी सासरी गेली की रेशनकार्डावरून तिचं नाव निघतं. सातबाऱ्यावर तर ते कधी नसतंच. मतदारयादीत तेवढं राहून जातं. "कशाला काढताय?" ती म्हणायची. "माह्यारात पोरीचं तेवढंच हाय." आयांना ते पटायचं. कुणाची लेक पन्हाळ्याकडं दिलेली, कुणाची पार सीमेपलीकडं कानडी मुलखात, पण गावच्या यादीत त्या सगळ्या आपापल्या आईशेजारी नांदत होत्या. यात कुणाचं काय बिघडतंय, असं मलाही वाटायचं.

मतदानाचा दिवस हा मावशीचा सण. एरवी ठेवणीत असलेली इरकल नेसून ती सकाळीच शाळेत जायची. गावातल्या बहुतेक बायका घरच्या मालकानं सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारून यायच्या, मावशीला सांगणारं कुणी नव्हतं. मत कुणाला दिलं असं विचारलं तर म्हणायची, "ते काय बांगडी हाय व्हय दाखवायला?" मत टाकून ती घरी येत नसे. व्हरांड्यात खांबाला टेकून संध्याकाळपर्यंत बसून राहायची. आत मतदारांची नावं मोठ्यानं वाचतात, ती बाहेर ऐकू येत. सुनंदाचं नाव वाचायचं काही कारण नव्हतं, तरी ती बसायची.

एकदा ते वाचलं गेलं. ग्रामपंचायतीची चुरशीची निवडणूक होती. कुठल्याशा पॅनेलनं बाहेरगावची एक बाई आणली होती, पदर नाकापर्यंत ओढलेली. आतून सुनंदाच्या नावाचा पुकारा झाला तशी मावशी उठली, आणि दारावरचा पोलीस अडवेपर्यंत आत पोचली. शाई लावून घ्यायला त्या बाईनं पुढं केलेला हात तिनं मनगटाशी धरला, त्यावरून बोटं फिरवली आणि केंद्रावरच्या साहेबाला सांगितलं, "ह्यो हात सुनंदाचा न्हाय."

मग सुनंदा कुठं आहे, असं साहेबांनी विचारलं. सरळच प्रश्न होता. मावशीनं त्या बाईचा हात सोडला. बाहेर पॅनेलची माणसं फिदीफिदी हसत होती. ती आणलेली बाई गडबडीत निघून गेली, आणि मावशी परत खांबाशी येऊन बसली. बऱ्याच वेळानं मला म्हणाली, "किती जाड हात हुता तो. सुनंदाचा तुमी बघितलाय की." मी हो म्हणाले.

पुढं दोन हजार सालानंतर कधीतरी गावात बातमी आली की बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करता येतं. मतदान फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मावशीला हे पहिल्यांदा मीच सांगितलं. तिनं ते माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं आणि विचारलं, "पुरुषांचं मतच न्हाय त्यात?" नाही म्हटल्यावर ती उठली आणि माळा खांद्यावर टाकून भर दुपारी बाहेर पडली.

तेव्हापासून तिनं जो सपाटा लावला तो मी दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्यात पाहिला नाही. सभा नाही, भाषण नाही. बाईचा हात हातात घ्यायचा आणि बांगड्या चढेपर्यंत बोलत राहायचं. अर्धी बांगडी बोटांवर असताना उठून जाता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सुजलेल्या हातांविषयी इतकी वर्षं ती गप्प होती, ते सगळं आता बोलू लागली. त्या त्या बाईलाच, हळू आवाजात. ज्यांनी नवऱ्याच्या भीतीनं असं मतदान मागणाऱ्या अर्जावर अंगठा द्यायला नकार दिला होता त्यांनी दुसऱ्या खेपेला स्वतःहून दिला.

दुकानवाल्यांनीही हात बांधून ठेवले नव्हते. त्यांची माणसं एका वस्तीवरच्या बायकांना बिरोबाच्या देवळात घेऊन गेली आणि उभ्या बाटलीवरच शिक्का मारू असा भंडारा उचलायला लावला. देवाच्या हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टातल्या शपथेहून जड. त्या बायका रडत मावशीकडं आल्या, आता हात बांधले गेले म्हणाल्या. मावशी स्वतः बिरोबाला मानणारी. तिनं एकीचं मनगट हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "मनगाट धरून उचलाय लावला न्हवं? मग देव धरणाऱ्याला इचारंल. तुमास्नी न्हाय इचारायचा." त्या बायकांना धीर आला. तिला स्वतःला कितपत खात्री होती कोण जाणे, कारण संध्याकाळी ती एकटीच देवळात जाऊन बसली होती.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची जी रांग लागली तशी मी यात्रेलाही पाहिली नव्हती. बाळंतिणी आल्या, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. पुरुष पारावर बसून मुकाट बघत होते. मावशी इरकल नेसून पहिल्या नंबराला होती. मतमोजणी तिथंच झाली. आडवीच्या चिठ्ठ्यांची चळत वाढत गेली आणि उभीच्या बाजूला मूठभरही जमल्या नाहीत. बायकांनी आधीच गुलाल आणून ठेवला होता.

मग तालुक्याच्या साहेबांनी उठून निकाल वाचला. दुकान चालू राहणार होतं. नियम असा की आलेल्या मतांत कुठली जास्त ते बघायचं नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. तेवढी भरली नव्हती, आणि फार कमीही पडली नव्हती. शाळेतला एक वर्ग भरेल एवढ्याच बायका कमी पडल्या होत्या.

कुणाला काही कळेना. गावातली बाई न् बाई येऊन गेली, मग कमी कुठून पडल्या? साहेब भला माणूस होता. यादीची पानं उलटून नावं वाचू लागला. ही कुठं आहे? लग्न होऊन गेली. ही? ती देवाघरी गेली. ही? तिला पन्हाळ्याकडं दिली. एकेका नावाला एकेक आई खाली बघू लागली. मावशी पुढंच उभी होती. सुनंदाचं नाव आलं तेव्हा सगळ्या बायका मावशीकडं बघू लागल्या. साहेब पुढच्या नावावर जाणार तेवढ्यात मावशीनं विचारलं, "साहेब, जी आली न्हाय तिचं मत कुणीकडं धरत्यात?"

"कुणीकडं म्हणजे, मावशी, आडव्या बाटलीला ते मिळालं नाही. म्हणजे दुकानाच्याच फायद्याचं झालं."

"म्हंजे आमची सुनंदा बाटलीकडं गेली," मावशी म्हणाली.

साहेबांनी यादी मिटली. पारावर कुणीतरी शिट्टी मारली आणि दुकानापुढं फटाके लागले. मावशी घरी आली, इरकल सोडून घडी घातली आणि अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडली. मी भात करून नेला, तो तिनं खाल्ला नाही. तिच्या लेकीला दारूनं मारलं होतं, आणि आईनं जपून ठेवलेलं तिचं नाव दारूच्याच कामी आलं.  

फेरमतदानाला वर्षभर थांबावं लागणार होतं. महिनाभरानं मावशी उठली, माळा खांद्यावर टाकल्या आणि परत घरोघर फिरू लागली. आता ती उलटं सांगत होती. पोरींची नावं काढा. ज्या आयांना तिनं नाव ठेवायला लावलं होतं त्यांच्याच पुढं बसून ती काढायला लावत होती. काही जणींनी तिला सुनावलंही, तवा एक सांगितलंस, आता एक सांगतीस. ती ऐकून घ्यायची. एकेक करत पोरी यादीतून बाहेर पडल्या. एक नाव मात्र राहिलं होतं, आणि त्याबद्दल तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

दुकान शेवटी बंद झालं. दुसऱ्या वेळी बाटली आडवी झाली. पण तोवर माझी बदली शाहूवाडीकडं झाली होती, त्यामुळं ते सगळं मी ऐकलेलं. सकाळी मत टाकून मावशी सरळ घरी गेली म्हणे. व्हरांड्यात बसली नाही आणि गुलालाच्या मिरवणुकीतही आली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेल्याचा निरोप आला, तोही मला उशिरा मिळाला. शेवटचं तिला बघायला मला काही मिळालं नाही. म्हणून माझ्यापुरती मावशी त्याआधीच्या एका दिवशी थांबलेली आहे.

बदलीचा हुकूम आला होता, मी सामान बांधत होते. मावशी दारात येऊन उभी राहिली. "बाई, जायच्या आधी एकडाव माझ्यासंगं हातकणंगल्याला येता?" कशाला, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एसटीत ती खिडकीपाशी बसली होती आणि खांद्यावर माळा नसल्यामुळं कुणा परक्याच बाईसारखी दिसत होती.

कचेरीत टेबलावर एक नवा, तरुण कारकून होता. नाव वगळायचा अर्ज त्यानंच भरून द्यायला घेतला. अर्जदाराचं नाव, वगळायचं नाव, नातं, सगळं विचारत गेला. लेक, असं ती म्हणाली. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "लग्न होऊन बाहेरगावी गेल्या का मयत?"

 मागं लोक ताटकळत होते. तिच्या वतीनं मीच सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरून मला थांबवलं.

"मेली," ती म्हणाली. "माझी सुनंदा मेली."

कारकुनानं लिहिलं. अर्ज फिरवून तिच्यापुढं सरकवला, शाईचा पॅड उघडला आणि अंगठा घ्यायला तिचा हात हातात घेतला. अंगठा कागदावर टेकेना. त्यानं दाबून पाहिलं, वळवून पाहिलं. गावातले सगळे हात वळवणारा तो हात काठीसारखा ताठ झाला होता.

"मावशी, असं काय करताय?" पोरगा मायेनंच म्हणाला. "हात सैल सोडा."

मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटले, आणि हात सैल सोडला.